वेबसाइटवाल्याला मुख्य पासवर्ड देण्याआधी

आम्ही दुकानांना बिलं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो. "आमच्या वेबसाइटवाल्याला डेटाबेसचा (सगळा हिशेब जिथे साठतो त्याचा) पासवर्ड देऊन टाका" असा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. नाही म्हटलं की ग्राहक दुखावतात. हिशेब माझा, मग कुलूप तुमचं का? हिशेब तुमचाच आहे. मुख्य पासवर्डही आम्ही सॉफ्टवेअर बसवतानाच बंद पाकिटात तुमच्या हाती देतो. तो तुमच्याजवळच राहावा, दुसऱ्याच्या कोडमध्ये जाऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

गेल्या दिवाळीआधी इंदूरच्या सियागंजमधल्या एका ग्राहकांनी ते पाकीट उघडलं आणि चिठ्ठीचा फोटो वेबसाइट करणाऱ्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलगा सरळ होता, त्याला फक्त भाव आणि शिल्लक माल दाखवायचा होता. पण चाचणीचा कोड त्याने चालू डेटाबेसवरच चालवला आणि भावांचं टेबल, म्हणजे तक्ता, रिकामं झालं. ऐन गर्दीत तिन्ही काउंटरवर हाताने बिलं फाडावी लागली. रात्रीच्या बॅकअपमधून भाव दीड तासात परत आले. पण पासवर्ड बाहेर गेला म्हणून तो बदलला आणि नवा पासवर्ड प्रत्येक काउंटरवर आणि बारकोडच्या प्रोग्राममध्ये भरता भरता संध्याकाळ झाली.

म्हणून वेबसाइटसाठी आम्ही वेगळा युझर, म्हणजे वेगळं नाव आणि पासवर्ड, काढतो. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये त्याला दोनच टेबलांवर सिलेक्टची, म्हणजे वाचण्यापुरती परवानगी असते. कोडमध्ये चुकून डिलीट आलं तरी डेटाबेसच ते नाकारतो. ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या असतील तर ऑर्डरच्या टेबलात नवी नोंद घालण्याची परवानगी वाढवतो, त्यापलीकडे नाही. शिवाय हा युझर ठरलेल्या सर्व्हरवरूनच आत येऊ शकतो. कामापुरताच अधिकार द्यावा, हे सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. आम्ही नवीन काही करत नाही.

पासवर्ड कोडमध्ये लिहून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, गेला असेल, तर ती ओळ खोडून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये (नोंदीत) ती तशीच राहते आणि रेपॉझिटरीची, म्हणजे त्या सगळ्या साठ्याची, प्रत असलेल्या कुणालाही दिसते. तिथे पासवर्ड बदलावाच लागतो. असं झालं असेल तर संकोच न करता त्याच दिवशी कळवा, आम्ही रागावत नाही.

नवा युझर हवा असेल तेव्हा प्रोग्राम कोणता, तो काय वाचणार, काही लिहिणार का आणि कुठल्या सर्व्हरवरून येणार, एवढं सांगा. वेबसाइटवाल्यांना हे ठाऊक असतं, त्यांनाच आमच्याशी बोलायला लावलं तरी चालेल. दुपारपर्यंत कळवलंत तर संध्याकाळी युझर तयार असतो. वार्षिक देखभाल घेतलेल्यांकडून याचे वेगळे पैसे घेत नाही.