बॉक्स-अँड-वन

बास्केटबॉलमधील संमिश्र बचावाचा सर्वांत परिचित प्रकार. यात चार बचावपटू बास्केटसमोर चौकोनात उभे राहून आपापली जागा राखतात (झोन). पाचवा मात्र प्रतिस्पर्धी संघातील सर्वोत्तम नेमबाजाची पाठ सोडत नाही (मॅन-टू-मॅन). चेंडू कुठेही असो, त्या एकाच्या हाती तो सहजी पडू द्यायचा नाही, एवढेच या पाचव्याचे काम. तो मागे पडलाच, तर चौकोनाचा जवळचा कोपरा पुढे सरून वाट अडवतो.

उरलेल्या चौघांना चौघेच सांभाळतात, तरीही कोपऱ्यांतले आणि चौकोनाच्या माथ्यावरचे तीन गुणांचे फटके मोकळे राहतात. रिबाउंडच्या (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडण्याच्या) वेळी कोणी कोणाला रोखायचे हेही ठरलेले नसते. दोन धोकादायक नेमबाज असतील तर ट्रँगल-अँड-टू वापरतात : तिघे त्रिकोणात, दोघे माणसामागे.

एकाच खेळाडूला अडवण्याचा अतिरेक केल्यास काय होते, हे नोव्हेंबर २००८ मध्ये दिसले. अमेरिकन महाविद्यालयीन सामन्यात मेरिलँडच्या लोयोलाचे प्रशिक्षक जिमी पात्सोस यांनी डेव्हिडसनच्या स्टीफन करीवर सतत दोन खेळाडू ठेवले. करी शांतपणे कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. सहकाऱ्यांना तिघांविरुद्ध चौघे असा खेळ मिळाला. करीचा एकही गुण झाला नाही, पण डेव्हिडसनने सामना ७८–४८ असा जिंकला. स्वतःच्या गुणांवर पाणी सोडण्याची ही समज करीच्या मोठेपणाची खूण मानावी लागेल.

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये झोन बचावाला २००१–०२ च्या हंगामापासून मुभा मिळाली. मात्र कोणाला हाताच्या अंतरावरून अडवत नसलेल्या बचावपटूला बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, त्यामुळे चौकोनाच्या मागच्या दोघांना सतत आत-बाहेर करावे लागते. फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत बचावावर असे बंधन नाही.

व्यावसायिक खेळात ही युक्ती पोरकट समजली जाई. २ जून २०१९ रोजी, एनबीएच्या अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, टोरांटो रॅप्टर्सचे प्रशिक्षक निक नर्स यांनी ती बाहेर काढली. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरांट दुखापतीमुळे खेळत नव्हता, क्ले थॉम्पसनही जायबंदी होऊन बाहेर गेला होता. म्हणजे भीती एका करीचीच; तो आता वॉरियर्सकडून खेळत होता. फ्रेड व्हॅनव्हलीट त्याच्या मागे लागला आणि शेवटची पाचएक मिनिटे वॉरियर्सचे गुण जवळजवळ थांबले. बारा गुणांची आघाडी दोनवर आली. मग करीकडे दोघे धावले, चेंडू शॉन लिव्हिंगस्टनमार्फत मोकळ्या आंद्रे इग्वोडालाकडे गेला आणि त्याच्या तीन गुणांच्या फटक्याने वॉरियर्सनी सामना १०९–१०४ असा राखला. मालिका मात्र टोरांटोने ४–२ अशी जिंकली.