स्कूबाचं सर्टिफिकेट: अर्ज अडतो तो तिसऱ्या पानावर

दिवाळीत अंदमान ठरलं की आपल्याकडे आधी विमानाची तिकिटं निघतात, मग हॉटेल, मग डायव्हिंग कोर्सचा ॲडव्हान्स. मेडिकल फॉर्म मात्र थेट अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर, डाइव्ह सेंटरच्या बाकावर उघडला जातो. ‘डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी चालू आहे का?’ या प्रश्नावर आपला माणूस प्रामाणिकपणे ‘होय’ची टिक मारतो, थायरॉइडची असते बिचारी. इन्स्ट्रक्टर फॉर्म उलटा फिरवून परत देतो आणि विचारतो, ‘तिसरं पान कुठंय?’ ते पान नागपुरातल्या डॉक्टरांनी भरायचं होतं. आता बेटावर डॉक्टर शोधा, त्यात एक दिवस गेला, आणि कोर्सच मुळात तीन-चार दिवसांचा.

ऑफिसातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फॉर्म मी भरून दिलेत. पोहता येत नाही म्हणून परत आलेले थोडे, कागदापायी परत आलेले जास्त.

आधी एक गैरसमज. मालवणला वीस मिनिटं कुणी हात धरून पाण्याखाली नेलं, फोटो काढला आणि नाव घातलेला कागद दिला, म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. ती ट्राय डाइव्ह. तिला पोहता यावं लागत नाही, इन्स्ट्रक्टर सोबत असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. तो कागद हॅवलॉकच्या काउंटरवर ठेवून ‘आम्ही सर्टिफाइड’ म्हणणारे असतात. समोरचा हसत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. खरं सर्टिफिकेट म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. पॅडी, एसएसआय अशा संस्थांच्या कोर्सनंतर ते मिळतं, जगभर चालतं, आणि त्यावर १८ मीटरपर्यंत दुसऱ्या डायव्हरच्या जोडीने उतरता येतं.

पॅडीची वयाची अट दहा वर्षं पूर्ण. दहा ते चौदा वयात ज्युनिअर सर्टिफिकेट मिळतं. पोहण्याची अट २०० मीटर न थांबता, कुठल्याही स्ट्रोकने, वेळेचं बंधन नाही. मास्क, पायातले फिन्स आणि स्नॉर्केल म्हणजे श्वासाची नळी लावून करणार असाल तर ३०० मीटर. शिवाय दहा मिनिटं पाण्यावर तरंगून राहायचं. पंचवीस मीटरचा पूल असेल तर २०० मीटर म्हणजे आठ लांब्या. ‘मला येते ना पोहता’ म्हणणारे आपले बरेच लोक दोन लांब्या मारून कठडा धरतात. निघायच्या महिनाभर आधी पुलावर जाऊन आठ मोजून बघा. थिअरी ऑनलाइन होते, शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा असते, ७५ टक्के लागतात. त्यात नापास झालेला मी पाहिला नाही.

आता फॉर्म. तीन पानांचा, इंग्रजीत. पहिल्या पानावर दहा प्रश्न. एकाही प्रश्नाला ‘होय’ आलं की डॉक्टर लागतो, असं लोक धरून चालतात आणि घाबरून सगळीकडे ‘नाही’ मारतात. तसं नाही आहे ते. थेट डॉक्टर फक्त तीन प्रश्नांना, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या. तिसरा दमछाकीचा: १.६ किलोमीटर चौदा मिनिटांत चालणं किंवा २०० मीटर न थांबता पोहणं जड जातं का. पाचवा, गेल्या बारा महिन्यांत ऑपरेशन झालं का. दहावा गोळ्यांचा. चष्मा घालवायला सहा महिन्यांपूर्वी लेसर करून घेतलं असेल, तर पाचव्याला ‘होय’. बीपीची, शुगरची, थायरॉइडची रोजची गोळी असेल तर दहाव्याला ‘होय’. गर्भनिरोधक गोळ्या यातून वगळल्या आहेत.

बाकीच्या सात प्रश्नांना ‘होय’ आलं तर दुसऱ्या पानावर जायचं. तिथे त्या त्या प्रश्नाची चौकट असते, आणि चौकटीतही ‘होय’ आलं तरच तिसरं पान. म्हणजे नुसतं वय पंचेचाळीसच्या पुढे गेलं म्हणून डॉक्टर लागत नाही. चौकटीत सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कमी वयात हार्टचं कुणाला काही झालं का, हे विचारलंय. त्यात ‘होय’ असेल तर लागतो. एका काकांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, ‘खर्रा यात येते का?’ फॉर्म धुराबद्दल आणि ओढलेल्या निकोटिनबद्दल विचारतो, तंबाखू-सुपारीचा चघळायचा खर्रा फॉर्म बनवणाऱ्याच्या ध्यानात नव्हता. तरी डॉक्टरांना सांगा, म्हटलं. पोटाच्या चौकटीत वारंवार होणारी जळजळ, ॲसिडिटीही आहे. सावजीवर आठवड्यातून दोनदा ताव मारणाऱ्यांनी ती ओळ नीट वाचावी.

दमा लपवणं मात्र खरंच जिवावरचं. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. त्या दाबाखाली घेतलेला श्वास वर येताना फुगत जातो. एखाद्या आखडलेल्या नळीमागे हवा अडकली तर ती बाहेर पडायला जागा शोधते, आणि फुप्फुस फाटू शकतं. ‘नाही लिहून टाक, कोण पाहते’ असं सांगणारा मित्र पाण्यात तुमच्याबरोबर नसतो.

सगळ्यात जास्त फसगत तिसऱ्या पानावर होते. आपले फॅमिली डॉक्टर इंग्रजी फॉर्म पाहून म्हणतात, ‘मला समुद्रातलं काय कळतं?’ आणि लेटरहेडवर प्रवासासाठी फिट असल्याचं दोन ओळींचं पत्र देतात. शिक्का असतो, सही असते, तरी ते चालत नाही. तिसऱ्या पानावर दोनच पर्याय आहेत, मंजूर किंवा नामंजूर. त्यातल्या एकावर खूण, खाली सही, तारीख, नाव-पत्ता. तेवढंच हवं असतं. डॉक्टर कचरत असतील तर फॉर्मवरच्या संकेतस्थळावर डॉक्टरांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, ती प्रिंट काढून न्या. कुठल्या आजाराला काय तपासायचं ते तीत दिलंय. एका डॉक्टरांनी ती वीस मिनिटं शांतपणे वाचली, ईसीजी काढला आणि मग सही केली. ही सही एक वर्ष धरली जाते. मधे तब्येतीत काही बदल झाला तर नवी लागते. गेल्या दिवाळीची या दिवाळीला न्याल, तर तारखा मोजून न्या.

मुलांचं वेगळंच दुखणं. अठराच्या आतल्यांच्या फॉर्मवर आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. भाचा मामाबरोबर गेला, आई-बाबा इकडे प्रतापनगरात. मामाने सही ठोकली, सेंटरने ती मान्य केली नाही, आणि पोरगं तीन दिवस किनाऱ्यावर शंख वेचत बसलं. मामा कितीही लाडका असला तरी फॉर्म निघण्याआधी घरीच भरा.

परतीच्या विमानाचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं, म्हणून मधे काही तास सोडावे लागतात. अनेक डाइव्ह किंवा लागोपाठचे दिवस झाले असतील तर विमानाआधी किमान १८ तास, एकच साधी डाइव्ह असेल तर १२. लोक हे तास डाइव्ह सुरू झाल्यापासून मोजतात. ते मोजायचे पाण्याबाहेर आल्यापासून. दुपारी तीनला वर आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधीचं विमान बाद, आणि पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, नागपूरला येताना जोडविमान असतं म्हणून लोक पहाटेचंच तिकीट काढतात. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, बेटं बघा.

गाडीने मालवणला जाणाऱ्यांना वाटतं हे आपल्याला लागू नाही. पण विमानाचा हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि परत येताना आंबोली घाट चढलात की तुम्ही सुमारे ६९० मीटरवर पोचता. दिवसभर दोन-तीन डाइव्ह मारून संध्याकाळीच घाट गाठण्यात शहाणपण नाही. गंमत म्हणजे ३०० मीटरच्या वर पाण्यात उतरलं तर ती उंचीवरची डायव्हिंग धरतात, आणि नागपूर ३१० वर आहे. इथल्या अंबाझरी तलावात उतरायचा विचार तसाही कुणी करू नये.

कुठे जायचं? कोर्ससाठी हॅवलॉकचा निमो रीफ छान, किनाऱ्यावरूनच उतरता येतं. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट सुंदर आहे, पण पावसाळ्यात बंद, मालवणही बंद. हॅवलॉकच्याच डिक्सन्स पिनॅकलचे व्हिडिओ पाहून जाणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, तो खडक खाली तीस मीटरच्या पुढे उतरतो. ओपन वॉटरवर अठरापर्यंतच परवानगी, तीसपर्यंतसाठी पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स लागतो.

लक्षद्वीपचं पाणी सगळ्यात स्वच्छ, आणि कागद सगळ्यात जास्त. भारतीय माणसालाही तिथे प्रवेश परवाना लागतो, १९६७ च्या नियमांपासून. अर्जासोबत पोलिसांचा दाखला मागतात. नागपुरात हमखास होणारी चूक म्हणजे लोक पासपोर्ट कार्यालयाकडे धावतात. तो दाखला परदेशासाठी असतो. आपल्याला हवी ती पोलिसांची चारित्र्य पडताळणी. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, उमरेड-काटोलकडे असाल तर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. आधारवर गावचा पत्ता आणि राहता त्रिमूर्तीनगरात भाड्याने, असं असेल तर भाडेकरार सोबत ठेवा, नाहीतर पडताळणीला आलेला शिपाई गावच्या घराचं कुलूप बघून परत जाईल. हे काम तिकिटाच्या आधी करा, नंतर नाही. पॅकेजवाल्याकडून जात असाल तर परवान्याचं कोण बघणार ते पैसे भरण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.

आणि तिन्ही पानांच्या दोन प्रती काढा. एक सेंटरवाले ठेवून घेतात, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. बोटीवर सगळंच भिजतं.