वसईच्या ख्रिस्ती लोकांना इंग्रजांनी बाटवलं? मुळीच नाही

वडोदऱ्याहून मुंबईला जाताना वसई रोड आलं की डब्यात कोणीतरी हमखास म्हणतं, "इथल्यांना इंग्रजांनी बाटवलं." दांडिया बाजारातल्या ओट्यांवरही मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. ते साफ चूक आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली. तिथली चर्चं त्यानंतरची. वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. तोवर ईस्ट इंडिया कंपनी जन्मलीही नव्हती. तिला सनद मिळाली १६०० च्या शेवटच्या दिवशी! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, तेव्हाही तिथे ख्रिस्ती वस्ती होतीच.

घोळ बहुधा 'ईस्ट इंडियन' या नावामुळे होतो. मुंबई परिसरातल्या जुन्या ख्रिस्ती समाजाने ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात घेतलं. गोव्याहून आलेल्यांपासून वेगळी ओळख राहावी म्हणून.

मागे वसईच्या फलाटावर लाल लुगड्यातल्या एक ख्रिस्ती आजी नातवाला कादोडी या तिथल्या बोलीत दटावत होत्या. निम्मं मला सहज कळलं. हीच बोली तिथले सामवेदी ब्राह्मणही घरात बोलतात.