हार्ड डिस्कचे विभाजन

एकाच भौतिक डिस्कचे सलग सेक्टरांच्या (डिस्कवरील ठराविक आकाराच्या लहान खणांच्या) स्वतंत्र भागांत केलेले तार्किक विभाजन. अशा भागाला पार्टिशन म्हणतात. संगणकाला तो वेगळ्या डिस्कसारखा दिसतो व त्यावर स्वतंत्र फाइल प्रणाली (फाइली मांडण्याची व शोधण्याची व्यवस्था) बसवता येते. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच डिस्क असते. त्यामुळे विंडोज व लिनक्स शेजारी नांदवायचे असोत की स्वतःच्या फाइली सी ड्राइव्हपासून वेगळ्या ठेवायच्या असोत, पार्टिशनचाच आधार घ्यावा लागतो.

काही लेखक या कल्पनेचा उगम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आयबीएमच्या सीपी–६७ प्रणालीतील ‘मिनिडिस्क’मध्ये शोधतात. तेथे डिस्कचे सलग सिलिंडर (वर्तुळाकार पट्ट्यांचे संच) एकेका वापरकर्त्याच्या आभासी यंत्राला नेमून दिलेले असत. सुरुवातीच्या युनिक्समध्येही डिस्कचे भाग पडत. मात्र त्यांच्या सीमा ड्रायव्हरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या, प्रोग्राममध्येच लिहिलेल्या असत. लॅपटॉपपर्यंत आलेली परंपरा मार्च १९८३ मधील आयबीएम पीसी एक्सटी व पीसी डॉस २.० यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण तिच्यात विभागणीचा तक्ता डिस्कच्याच पहिल्या सेक्टरात असतो. या सेक्टराला मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर) म्हणतात. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदींसाठी व शेवटचे दोन बाइट ओळखखुणेसाठी असतात. चारच प्राथमिक पार्टिशन करता येतात ते यामुळे. सेक्टर क्रमांकाला ३२ बिटच मिळाल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांवर ही पद्धत सुमारे २.२ टेराबाइटपाशी थांबते.

चारांची अडचण विस्तारित पार्टिशनने दूर केली. त्याचा आरंभ काही याद्यांत डॉस ३.२ पासून, तर काहींत ३.३ पासून दिलेला आढळतो. त्यात लॉजिकल ड्राइव्ह (आतले उपविभाग) करण्याची सोय ३.३ बरोबर (१९८७) रूढ झाली, म्हणून दुसरे मत येथे स्वीकारले आहे. इंटेलच्या ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) प्रकल्पातून आलेल्या जीपीटी (जीयूआयडी पार्टिशन टेबल) या नंतरच्या पद्धतीत साधारणतः १२८ नोंदींची जागा असते. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात आणि बिघाड ओळखण्यासाठी तपासबेरीजही (चेकसम) नोंदवतात. आजच्या लॅपटॉपमध्ये प्रायः हीच पद्धत आढळते.

आकार बदलताना दोन गोष्टी बदलतात : तक्त्यातील सीमा आणि त्या सीमेच्या आतील फाइल प्रणाली. लहान करताना आधी फाइल प्रणाली आवळावी, मग सीमा; मोठे करताना आधी सीमा, मग फाइल प्रणाली. हा क्रम चुकला तर फाइल प्रणालीचे शेपूट सीमेबाहेर राहते आणि तिथला मजकूर गमावण्याची वेळ येते. बहुतेक साधने दोन्ही पायऱ्या एकत्र उरकतात, म्हणून हा क्रम वापरणाऱ्याच्या नजरेस येत नाही. उजवीकडे (म्हणजे डिस्कच्या शेवटाच्या बाजूला) रिकामी जागा असेल तर वाढ काही क्षणांत होते. पार्टिशनचा आरंभच डावीकडे सरकवायचा असेल, तर आतील मजकूर नव्या जागी उचलून न्यावा लागतो. या कामाला तास लागू शकतात व मध्येच वीज गेल्यास मोठी हानी होते. म्हणून चार्जर जोडलेला असावा आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या उपकरणावर आधीच काढलेली असावी. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवरील प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. डिस्क बिघडली की दोन्ही जातात.

पार्टिशन लहान करण्याची सोय विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये व्हिस्टापासून आहे. सी ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी असूनही ती थोडीच कमी करता येईल असे दिसते, याचे कारण न हलवता येणाऱ्या फाइली : पेजफाइल (मेमरीला पूरक फाइल), हायबरनेशनची (यंत्र झोपवताना मेमरी साठवणारी) फाइल, विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीचा मुख्य फाइल तक्ता, रिस्टोर पॉइंटच्या छायाप्रती. नेमकी कोणती फाइल आड आली ते इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत सापडते. मोठे करताना वेगळाच अडथळा येतो. रिकामी जागा सी ड्राइव्हला लगटून उजवीकडेच हवी असते, पण मधे बहुधा विंडोज दुरुस्तीची साधने असलेले रिकव्हरी पार्टिशन बसलेले असते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजचा एक अपडेट हे रिकव्हरी पार्टिशन अपुरे पडल्याने अनेक यंत्रांवर अडला, तेव्हा ते २५० मेगाबाइटांनी वाढवण्याची सूचना मायक्रोसॉफ्टने दिली.

लिनक्सवरून विंडोजचे पार्टिशन हाताळण्यापूर्वी फास्ट स्टार्टअप (विंडोज झटपट सुरू करण्यासाठी ते पूर्ण बंद न करण्याची सोय) बंद करून विंडोज पूर्णपणे बंद करावे, नाहीतर ते एनटीएफएस अर्धनिद्रितच राहते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कूटलेखन) चालू असल्यास रिकव्हरी की जवळ ठेवावी. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली माउंट (वापरासाठी जोडलेली) असतानाही वाढवता येते, मात्र लहान करण्यासाठी अनमाउंट करावे लागते. बीटीआरएफएस ही लिनक्सची दुसरी फाइल प्रणाली माउंट असताना दोन्ही दिशांनी बदलता येते.