रॉयल रेड क्रॉस

रॉयल रेड क्रॉस : युद्धातील जखमी व आजारी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी दिला जाणारा ब्रिटिश लष्करी सन्मान. व्हिक्टोरिया राणीने तो एप्रिल १८८३ मध्ये सुरू केला. नावावरून तो रेड क्रॉस संघटनेचा वाटतो. प्रत्यक्षात तो ब्रिटिश राजसत्तेचा आहे. केवळ स्त्रियांसाठी निर्माण झालेला हा पहिला ब्रिटिश लष्करी सन्मान असून, मानकरी स्त्री ब्रिटिश प्रजाजनच असावी, अशी अट त्यात नव्हती.

पहिल्या मानकऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. क्रिमियन युद्धात (१८५३–५६) त्यांनी तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात केलेले काम जगजाहीर होते. पण परिचारिकेला देता येईल असे एकही पदक तेव्हा अस्तित्वात नव्हते. राणीने १८५५ मध्ये त्यांना एक रत्नजडित पिन भेट दिली, ती खास त्यांच्यासाठी घडवून. रीतसर सन्मान हाती आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. इतका विलंब समर्थनीय म्हणता येत नाही. त्याच वर्षीच्या मानकरी जॅनेट वेल्स मात्र ऐन विशीत होत्या. रशिया-तुर्कस्तान युद्धात त्या अठराव्या वर्षी बाल्कन प्रदेशात शुश्रूषेसाठी गेल्या आणि १८७९ च्या झुलू युद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील युट्रेख्ट येथे जखमींची सेवा केली.

पदक क्रुसाच्या आकाराचे, लाल मीनाकारीचे. मध्यभागी राज्यकर्त्याची मुखाकृती. वरच्या भुजेवर ‘श्रद्धा’, आडव्या भुजांवर ‘आशा’ व ‘दया’ या अर्थाचे इंग्रजी शब्द आणि खालच्या भुजेवर १८८३ हे वर्ष. सुरुवातीला ते सोन्याचे असे, १८८९ पासून सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे झाले. फीत गडद निळी, लाल काठांची. स्त्रिया तिची गाठ बांधून ते डाव्या खांद्याजवळ लावीत.

पहिल्या महायुद्धात जखमींची संख्या अफाट वाढली, तेव्हा १९१५ मध्ये चांदीच्या पदकाची दुसरी श्रेणी निघाली. पहिली श्रेणी बहुधा मेट्रन (मुख्य परिचारिका) व वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जाई. रात्रंदिवस खाटेशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकांच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसरी येई. सेवेच्या मोजमापात हुद्दा असा आड येणे खटकते. शत्रूच्या माऱ्यात दाखवलेल्या धैर्यासाठी मिलिटरी मेडल हे वेगळे पदक १९१६ पासून स्त्रियांनाही खुले झाले.

या सन्मानाचा भारताशीही जवळचा संबंध आहे. लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेची व्यवस्था उभारण्यासाठी १८८८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईत उतरली; आजची भारतीय लष्करी परिचर्या सेवा आपला आरंभ तेथूनच मानते. त्या तुकडीतील कॅथरिन ग्रेस लॉक यांनी पुढे रावळपिंडीत काम केले आणि वायव्य सरहद्दीवरील मोहिमांतील जखमींची देखभाल केली. त्याही रॉयल रेड क्रॉसच्या मानकरी ठरल्या.

पुरुष परिचारकांना हा सन्मान १९७६ पासून मिळू लागला. ते फितीची गाठ न बांधता, इतर लष्करी पदकांप्रमाणे सरळ फितीवर तो छातीवर लावतात.