तळ्याला रात्री कूलर लावू नका

डिसेंबर उजाडला की परभणीचा पारा बातमीत येतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा दहाच्या खाली घसरला, की परसातल्या हौदात किंवा तळ्यात कोई, गोल्डफिश, रोहू पाळणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते आणि मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. हाती लागतो तो सल्ला बहुधा बर्फाच्या देशातला असतो: बर्फाला भोक ठेवा, पंप तळातून वर घ्या, तळाचं उबदार पाणी ढवळू नका. लातूर-नांदेडकडं बर्फ तर सोडाच, तळ्यातलं पाणी ४ अंशांपर्यंतही उतरत नाही. सगळा घोळ या ४ अंशांतच आहे.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, हे शाळेत झालेलं आहे. एक लिटर पाणी ३० अंशांना सुमारे ९९५.७ ग्रॅम भरतं, २० अंशांना ९९८.२ आणि ४ अंशांना जवळजवळ १०००. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होतं आणि वर राहतं. म्हणून गोठणाऱ्या तळ्यात वर बर्फ आणि तळाशी ४ अंशांचं पाणी, म्हणजे त्यातल्या त्यात ऊब. आपल्याकडं तो टप्पा येतच नाही. संध्याकाळी वरचा थर गार होतो, जड होतो, खाली बसतो. खालचं पाणी वर येतं, तेही गार होतं, खाली जातं. रात्रभर ही घुसळण चालते आणि पहाटेपर्यंत वरपासून तळापर्यंत पाणी जवळजवळ एकाच तापमानाला येतं. मासे थंडीत तळाशी जाऊन पडतात ते खरं, पण पहाटे तिथं ऊब नसते.

मग खोल तळ्याचा फायदा काय? उष्णतेचा साठा. पाणी उष्णता गमावतं ते पृष्ठभागावरून, आणि तीन वाटांनी: गार हवेच्या स्पर्शानं, निरभ्र आकाशाकडं होणाऱ्या उत्सर्जनानं आणि बाष्पीभवनानं. समजा, तिन्ही मिळून रात्रीच्या बारा तासांत दर चौरस मीटरमागं ६००० किलोज्यूल गेले. अर्धा मीटर खोल हौद त्यात जवळजवळ ३ अंशांनी उतरेल, एक मीटरचा दीड अंशानं, दीड मीटरचा एका अंशानं. माशाला १८ अंशांचा त्रास नसतो; सकाळी १६, दुपारी २३, पुन्हा सकाळी १६ या हेलकाव्याचा होतो. नवीन तळं खणणार असाल तर निदान १.२ मीटर खोली ठेवा. लांबी-रुंदी कमी पडली तरी चालेल.

तीन वाटांपैकी बाष्पीभवनाची वाट आपल्या हातात आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून फक्त १ मिलिमीटर, म्हणजे एक लिटर पाणी उडालं, तरी ते सुमारे २४५० किलोज्यूल घेऊन जातं. एक मीटर खोल पाणी त्यात ०.६ अंशानं गार होतं. मराठवाड्याची हिवाळी हवा कोरडी, त्यामुळं हा हिशेब रात्रीही थांबत नाही. अशात रात्रभर कारंजं चालू ठेवणं म्हणजे तळ्याला कूलर लावणं. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी खोली गार करतं, तेच इथं. पाण्याचे बारीक थेंब केले की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि हवा १२ अंशांची व कोरडी असेल तर थेंब हवेहूनही गार होऊन, ९-१० अंशांकडं झुकून, तळ्यात परत पडतो. कारंज्याच्या पंपाला टायमर बसवा: सकाळी ११ ते दुपारी ४. रात्री फक्त छोटा एअर पंप, आणि त्याचा बुडबुड्यांचा दगड तळाशी न ठेवता निम्म्या खोलीवर टांगलेला, म्हणजे तळाचा गाळ उचलला जाणार नाही. ऑक्सिजनची काळजी थंडीत थोडी कमीच असते: ३० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, २० अंशांच्या पाण्यात ९.१. पाणी हिरवंगार असेल तर मात्र शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं. तेव्हा पहाटे २ ते ६ एअर पंप हवाच.

दुसरा हुकमी उपाय घरातच असतो: बोअरचं पाणी. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून डिसेंबरच्या पहाटे बोअरच्या पाण्यातून वाफा निघतात. ३ बाय २ मीटरच्या, एक मीटर खोल तळ्यात ६००० लिटर पाणी असतं. ते १६ अंशांवर असताना ६०० लिटर काढून तेवढंच २६ अंशांचं पाणी घातलं की तळं बरोबर एका अंशानं वर येतं. एकदम जास्त घालू नका. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळं पाइप पाण्यात न बुडवता झारीतून, फुटभर उंचीवरून सोडा. काढलेलं पाणी झाडांच्या आळ्यात जाऊ द्या. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला ते उघड्या टाकीत २४ तास ठेवायचं.

थंडीची लाट आलीच, तर रात्री बांबूच्या चौकटीवर प्लॅस्टिकचा कागद, एका बाजूला वितभर फट ठेवून. कोरडं पॉलिथिन उष्णतेची प्रारणं बरीचशी आरपार जाऊ देतं. त्याच्या आतल्या बाजूला दव धरलं की ते थेंबच प्रारण अडवतात. म्हणून कागद सूर्यास्तालाच टाका, मध्यरात्री नको, आणि सकाळी ऊन आलं की गुंडाळा.

पण हिवाळ्यात मासे मरतात ते बहुतेक वेळा थंडीनं नव्हे, खाद्यानं. मासा थंड रक्ताचा. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या क्रिया निम्म्यावर येतात. त्यातून कोई, गोल्डफिश, रोहू, कटला ही सगळी एकाच कुळातली, आणि या कुळाला जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. पाणी २५ अंशांच्या वर असताना माशांच्या वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य चालतं, २० च्या आसपास १ टक्का पुरे, १५ च्या खाली शून्य. हे तापमान सकाळी ८ वाजता, फूटभर खोल बुडवलेल्या थर्मामीटरवर पाहायचं. खाद्य दुपारी १२ ते २ मध्ये द्या आणि २० मिनिटांत उरलेलं जाळीनं काढा. शेंगदाण्याची पेंड तळाशी कुजली की अमोनिया होतो, आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणूही थंडीत सुस्तावलेले असतात.

इथं आपल्या पाण्याची खोड समजून घ्यावी लागते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: विद्युतभारित रूप, जे माशाला फारसं बाधत नाही, आणि भाररहित रूप, जे कल्ल्यांतून सरळ आत शिरतं. कुठलं किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २० अंशांना पीएच ८ असेल तर सुमारे ४ टक्के अमोनिया विषारी रूपात, पीएच ९ असेल तर २८ टक्के. ३० अंशांना हेच आकडे साडेसात आणि ४५. म्हणजे थंडी इथं आपल्या बाजूनं आहे, पीएच नाही. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी मुळात जड आणि बऱ्याच ठिकाणी अल्कधर्मी. त्यात दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पीएच आणखी चढवतं. म्हणून ‘हिवाळ्यात चुना टाका’ हा आम्लधर्मी पाण्यासाठीचा सल्ला आंधळेपणानं पाळू नका. दुपारी ४ वाजता पीएच मोजा. साडेआठच्या वर असेल तर चुना नकोच.

ऑक्टोबर हीटमध्येच करायच्या गोष्टी थोड्या आहेत. तळाचा गाळ निम्मा काढा, सगळा नको. देशी बदाम किंवा गुलमोहर जवळ असेल तर वर शेडनेट ताणा. कमळाची वाळलेली पानं पाण्याच्या वरूनच कापा, कारण देठ पोकळ असतो आणि पाण्याखाली कापला तर कंदापर्यंत पाणी उतरून तो सडू शकतो. गप्पी आणि तिलापियाला थंडी खरोखरच बाधते. डासांसाठी सोडलेले थोडे गप्पी बादलीत घेऊन घरात ठेवले की उन्हाळ्याचं बियाणं शाबूत राहतं. अंगावर लाल चट्टे किंवा कापसासारखी बुरशी दिसली तर तो मासा वेगळ्या बादलीत, लिटरला १० ग्रॅम खडेमीठ विरघळवून, ५ ते १० मिनिटं, आणि तो आडवा झाला तर लगेच बाहेर. मीठ उडून जात नाही, म्हणून तळ्यात दर आठवड्याला मूठमूठ टाकायची सवय नको.

मासा मेला की ‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं’ म्हणून समाधान मानणारे कमी नाहीत, आणि त्याच दिवशी दुकानातून दुसरा आणून सोडणारेही. संकट बहुधा तळाशी कुजत पडलेलं असतं. अमोनिया मोजण्याचा संच त्या नव्या माशाच्या आधी आणावा. ‘हिवाळी जिवाणू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचंही तेच: १५ अंशांच्या पाण्यात बाटलीतले जिवाणूही सुस्तच असणार.

येळवस (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या) ते रथसप्तमी हा आपल्याकडचा खरा गारठा. त्यानंतर दुपार तिशी ओलांडते, पण रात्री गारच असतात, आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. तेव्हा हात सैल सोडू नका. सकाळचं पाणी सलग पाच दिवस १८ च्या वर दिसलं की पहिल्या आठवड्यात अर्धा टक्का खाद्य, तेही एक दिवसाआड, दुसऱ्या आठवड्यात रोज, आणि २२ च्या पुढं एक टक्का.