वाचनालयांच्या अनुदानाचं घोंगडं कधीपासून भिजत पडलंय

अनुदानाचा हप्ता रखडला की ग्रंथपाल मंडळी ओरडतात आणि बाकीच्यांना वाटतं सरकारी नोकर आहेत, होईल पगार आज ना उद्या. पण तसं नाहीये. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीतच, ती स्थानिक संस्थांची आहेत, सरकार फक्त मदत करतं. सगळी गोम इथेच आहे.

रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं. म्हणजे सरकारी खातं वगैरे यायच्या कितीतरी आधी लोकांनी वर्गणीवर, देणग्यांवर ही चालवली. सरकारने यात पैसा घालायचा हे खऱ्या अर्थाने करून दाखवलं ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि गावाने थोडे पैसे जमवले की तेवढेच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने आणि तेवढेच सरकारने घालायचे अशी पद्धत लावली. गावाचीही जबाबदारी राहिली, मला तर ही आजच्यापेक्षा सरळ वाटते. मग 1945 ला कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयाचा कायदाच केला, देशातला पहिला.

1948 च्या मद्रासच्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला, म्हणजे हक्काचा पैसा. महाराष्ट्राचा कायदा आला 1967 ला, लागू झाला 1 मे 1968 पासून, आणि त्यात उपकर नाही! त्याऐवजी ग्रंथालय निधी, ज्यात सरकारने वर्षाला किमान 25 लाख टाकायचे. तेव्हा ठीक असेल, पण कायद्यातली हमी तेवढीच, वरचं सगळं बजेटच्या मर्जीवर.

1970 च्या नियमांनी मान्यता आणि अनुदानाची चौकट घातली, मग वाचनालयांचे अ ब क ड वर्ग, अ सगळ्यात वरचा, ड सगळ्यात खालचा, आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारी मदत. त्याच रकमेत पगार, पुस्तकं, पेपर, लाइटबिल सगळं बसवायचं, त्यामुळे ड वर्गाच्या ग्रंथपालाच्या हातात काय पडत असेल ते बघा. वाचनालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीसाठी सरकारची पत्की समिती नेमून झाली, तिच्या शिफारशी लागू करा ही मागणी अजून चालूच आहे.

2012 मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली, कागदावरची वाचनालयं सापडली, कारवाई झाली ते बरंच झालं म्हणा. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षं बंद राहिले, चांगली चालवणारेही त्यातच अडकले. अनुदानात वाढ मिळाली ती थेट 2022 ला, 60 टक्के.